लिंबू पिऊन पोटातला जंतू जात नाही

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात आमची फार्मसी आहे. काउंटरच्या आत मी असते. सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत सगळ्यात जास्त मागणी असते ती गॅसच्या गोळीला. "बाय, पोटांत जळटा, गॅसाची गुळी दी," असं म्हणत लोक दहाची नोट पुढे करतात. काहीजण तर वर्षानुवर्षं तीच गोळी नेतात. पोटात कशामुळे जळतंय, हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं आणि त्यांनीही कुणाला सांगितलेलं नसतं.

मध्यंतरी एक गृहस्थ दुकानात आले. हातात रिपोर्ट, त्यावर 'एच. पायलोरी पॉझिटिव्ह', म्हणजे जठरात त्या नावाचा जंतू आहे. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, चौदा दिवसांचा कोर्स. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "ह्यातलं काही नको. व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या द्या, मोठी बाटली." त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. सकाळी उपाशीपोटी लिंबू, दिवसभर व्हिटॅमिन सी, आणि महिन्याभरात जंतू साफ. अँटिबायोटिकने शरीर खराब होतं, असंही त्यात होतं. मागे रांग लागली होती, तरी मी त्यांना बाजूला बसवलं आणि बोलले. ते हट्टी वगैरे अजिबात नव्हते. घाबरलेले होते. आणि त्या व्हिडिओतलं सगळंच खोटं नव्हतं, हीच खरी अडचण होती. पोटातला हा जंतू आणि व्हिटॅमिन सी यांचं नातं खरंच आहे, जुनं आहे, आणि त्यावर गेली तीस-पस्तीस वर्षं अभ्यास झालाय. फक्त ते नातं व्हिडिओत सांगतात त्याच्या उलट बाजूने जास्त पक्कं आहे. सी जंतूला मारतं यापेक्षा जंतू आपल्या पोटातलं सी संपवतो, हे जास्त ठामपणे म्हणता येतं.

त्या दिवशी काउंटरवर घाईत जे सांगितलं, ते इथे नीट लिहितेय.

आधी जंतूबद्दल. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पिळदार आकाराचा जीवाणू जठराच्या आतल्या चिकट थरात राहतो. जठरात एवढं तीव्र आम्ल असताना तिथे काही जगूच शकणार नाही, असं वैद्यकशास्त्र कितीतरी वर्षं मानत होतं. अल्सर म्हणजे काळजी, तिखट आणि जास्त आम्ल, हेच शिकवलं जायचं. ऑस्ट्रेलियात पर्थच्या इस्पितळात रॉबिन वॉरेन हे पॅथॉलॉजिस्ट 1979 पासून जठराच्या तुकड्यांत हे जीवाणू पाहत होते. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत आले. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे प्रयोगशाळेतल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस आत राहिल्या आणि तेव्हा कुठे हा सावकाश वाढणारा जंतू उगवून आला. लोक तरीही मानेनात. म्हणून 1984 मध्ये मार्शलनी त्या जंतूंचं द्रावण स्वतःच प्यायलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला सूज आलेली. दोघांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. त्याआधीच, 1994 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं होतं.

आम्लात तो जगतो कसा? त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पोटातल्या युरियापासून ते अमोनिया बनवतं, आणि अमोनिया आम्ल मारतो. भर पावसात छत्री धरून चालावं तसा हा जंतू अमोनियाच्या छत्रीखाली चालत जठराच्या चिकट थरात शिरतो. एकदा आत गेला की आम्लाचा मारा तिथे फार पोचत नाही.

भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या घरातच लागतो. त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. दहातल्या एखाद्याला अल्सर होतो, कर्करोग त्याहून कितीतरी कमी जणांना. आपल्याकडे संसर्ग एवढा असूनही जठराचा कर्करोग चीन-जपानच्या मानाने बराच कमी दिसतो, आणि यामागची कारणं शोधणं चालू आहे. तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. पण रिपोर्ट काढायला डॉक्टरांनी काही कारणानेच सांगितलेलं असतं. ते कारण विसरू नका.

आता व्हिटॅमिन सी. बहुतेकांना वाटतं, सी म्हणजे लिंबातून तोंडात, तोंडातून पोटात, पोटातून रक्तात. एवढंच नसतं. निरोगी जठर स्वतः रक्तातलं सी उचलून आपल्या रसात सोडतं. जठराच्या रसात सीचं प्रमाण रक्तातल्यापेक्षाही जास्त असतं. तुम्ही काहीही खाल्लं नसलं, उपाशी असलात तरी. शरीर इतक्या मुश्किलीने मिळवलेली गोष्ट परत पोटात का ओतत असेल, असा प्रश्न मला कॉलेजात वाचताना पडला होता, आणि उत्तर वाचल्यावर त्या दिवशी मी खरंच हरखले होते.

पालेभाज्यांत, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असतं. लाळेतले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. आपण ते गिळतो. जठरात हे नायट्राइट प्रथिनांच्या तुकड्यांशी जुळलं की नायट्रोसो संयुगं बनू शकतात, आणि त्यातली काही कर्करोगकारक असतात. सी तिथे हजर असलं तर ते आधी नायट्राइटला गाठतं आणि त्याचं नायट्रिक ऑक्साइड करून टाकतं. वाईट संयुग बनायला काही उरतच नाही. म्हणजे जठर सी ओततं ते राखणीसाठी. शिवाय सूज आली की पेशींत जे ऑक्सिडीकरण माजतं, त्यालाही सी अडवतं.

ज्यांचं शरीर सी स्वतः बनवू शकतं त्यांना काय फरक पडतो! बकरी बनवते, कुत्रा बनवतो. माणूस नाही बनवू शकत, गिनीपिगही नाही. आपल्या शरीरात जेमतेम दीड ग्रॅमचा साठा असतो. खाण्यातून येणं थांबलं तर एक ते तीन महिन्यांत स्कर्व्ही दिसायला लागतो. याची नोंद तर आपल्या समुद्रातलीच आहे. काणकोणच्या दक्षिणेला, कारवारसमोर अंजदीव बेट आहे. ते आजही गोव्याचंच आहे. वास्को द गामाची जहाजं 1498 च्या ऑक्टोबरात तिथून परत निघाली. वारा पडला, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मलिंदीला पोचायला जानेवारी उजाडला. वाटेत खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, पाय सुजले, तीस माणसं गेली. एकेका जहाजावर काम करू शकतील अशी सात-आठच उरली होती, असं त्या सफरीच्या रोजनिशीत आहे. मलिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी पहिल्यांदा मागवली ती संत्री. क जीवनसत्त्वाचा शोध लागायला अजून सव्वाचारशे वर्षं होती, पण आजारी माणसाच्या जिभेला त्याची ओढ होतीच.

1980 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी लोकांच्या जठरातला रस काढून त्यातलं सी मोजलं. ज्यांच्या पोटात हा जंतू आणि त्याची सूज होती, त्यांच्या रसात सी फारच कमी निघालं. काहींच्या रसात तर जवळजवळ नव्हतंच, आणि रक्तात मात्र होतं. म्हणजे खाण्यात कमतरता नव्हती. सुजलेलं जठर ते रसात सोडू शकत नव्हतं, आणि जे सुटत होतं ते तिथल्या तिथे ऑक्सिडीकरणाने नष्ट होत होतं. जंतू वर्षानुवर्षं राहिला आणि आम्ल बनवणाऱ्या पेशीच झिजल्या की आणखी वाईट, कारण सी टिकतं आम्लात. आम्ल कमी झालं की ते लवकर मोडतं. जंतूवर उपचार केले की रसातलं सी पुन्हा वाढतं, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

त्यानंतर 2001 मध्ये ग्लासगोहून आलेला अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी लोकांच्या रक्तातलं सी पाहिलं. खाण्यातला फरक, सिगारेट, परिस्थिती हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा, जंतू असलेल्यांच्या रक्तात सी सुमारे एक पंचमांशाने कमी होतं. दोन माणसं एकच ताट जेवली तरी जंतू असलेल्याच्या अंगी कमी लागतं, असा याचा अर्थ.

हे सगळं मी वाचलं होतं, पण समजलं ते घरात घडलं तेव्हा.

माझ्या सासूबाईंचं हिमोग्लोबिन आठच्या आसपास अडकलेलं होतं. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. चेहरा पांढरा, दोन पायऱ्या चढल्या की दम, आणि विचारलं की "म्हाका कांयच जांवक ना," मला काही झालेलं नाही, एवढंच. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्याही मी स्वतः हातात देत होते, त्यामुळे चुकवायचा प्रश्न नव्हता. हिमोग्लोबिन जरा वर जायचं, गोळ्या थांबल्या की परत खाली. नात्यातल्या बायका म्हणायच्या, बीट द्या, खजूर द्या, गूळ-शेंगदाणे द्या. सगळं दिलं. एका तरुण डॉक्टरीण बाईंनी पहिल्यांदा विचारलं, की लोह जातंय कुठे, की लागतच नाहीये? पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडत असेल तर वरून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालून बघायलाच हवं, असं त्या म्हणाल्या. रक्त कुठे झिरपत तर नाही, गाठ तर नाही, हे बघायला. सासूबाईंना, आमच्या आईंना, बांबोळीच्या इस्पितळात नेलं.

खालून काही निघालं नाही. वर जठराला सूज होती, अल्सर नव्हता. तिथल्या तंत्रज्ञाने मला युरिएजची चाचणी दाखवली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. छोटी प्लास्टिकची पट्टी, तिच्या खळग्यात पिवळं जेल. चिमट्याने काढलेला जठराचा तुकडा, मोहरीहूनही लहान, त्यांनी सुईच्या टोकाने त्या जेलमध्ये रुतवला आणि वर चिकटपट्टी लावली. आम्ही बोलत होतो तोवर तुकड्याभोवती गुलाबी कडा आली. ती कडा पसरत गेली आणि थोड्या वेळात सगळा खळगा गडद गुलाबी झाला. जंतूच्या युरिएजने अमोनिया बनवला, अमोनियाने जेल अल्कधर्मी केलं, त्यातल्या रंगद्रव्याने रंग बदलला. पुस्तकात चार ओळींत वाचलेलं रसायन आईंच्या पोटातल्या कणातून समोर घडत होतं.

आता हे लोहाशी जुळतं कसं ते बघा. भाजी, डाळ, नाचणी यांतलं लोह ज्या रूपात असतं ते आतड्याला सहज घेता येत नाही. जठरातलं आम्ल ते विरघळवतं आणि सी त्याचं रूप बदलून आतड्याला घेण्याजोगं करतं. जंतूने सुजलेल्या जठरात आम्लही कमी आणि सीही कमी. म्हणजे लोहाची वाट दोन्हीकडून अडली. त्यात हा जंतू स्वतःच्या वाढीसाठीही लोह वापरतो. मग वरून कितीही बीट घाला. कारण सापडत नसलेल्या लोहाच्या कमतरतेत या जंतूची तपासणी करावी, असं आता युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेतही आहे. आईंचा चौदा दिवसांचा कोर्स झाला, त्याच लोहाच्या गोळ्या पुढे चालू ठेवल्या, आणि हिमोग्लोबिन अकराच्या वर जाऊन टिकलं. गोळी तीच होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 च्या, देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. सगळ्यांना जंतूमुळे असतो असं कुणी म्हणणार नाही. पाळी, बाळंतपणं, अपुरं जेवण, सगळ्यांच्या मागून जेवायची सवय, ही मोठी कारणं आहेत. पण गोळ्या नीट घेऊनही ज्या बाईचं रक्त वाढत नाही, तिला "अजून एक महिना घे" म्हणून परत पाठवलं जातं, तेव्हा मला राग येतो. तिच्या पोटात काय चाललंय हे कुणीतरी विचारायला हवं.

गॅसच्या गोळीबद्दलही बोलायलाच हवं, कारण ती मीच विकते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही चांगली औषधं आहेत. अल्सर भरून काढतात, रक्तस्राव टाळतात. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना ती रोज लागतात, त्यांनी माझं वाचून बंद करू नयेत. पण ही गोळी आम्ल कमी करते, आणि आम्ल कमी झालं की रसातलं सी मोडतं हे वर आलंच आहे. ओमेप्राझोल घेतल्यावर जठरातलं सी घटतं, आणि जंतू असलेल्या माणसात ते जास्त घटतं, असं स्कॉटलंडमधल्याच अभ्यासात दिसलंय. म्हणजे जंतू तसाच ठेवून वर्षानुवर्षं नुसती गॅसची गोळी खाणाऱ्याच्या पोटात राखण दोन बाजूंनी कमी होते. जळजळ थांबते, त्यामुळे त्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त कुणी नेत असेल तर मी विचारतेच. काहींना ते आवडत नाही, ते पुढच्या दुकानात जातात. तरी विचारते.

त्या गृहस्थांच्या व्हिडिओकडे येते. त्याला आधार काय, तर तोही आहे. पोलंडमध्ये 1998 साली छापलेल्या एका छोट्या चाचणीत जंतू असलेल्यांना रोज पाच ग्रॅम व्हिटॅमिन सी चार आठवडे दिलं. सुमारे तीस टक्के लोकांचा जंतू गेला. व्हिडिओवाले एवढंच सांगतात. सत्तर टक्क्यांचा गेला नाही, हे सांगत नाहीत. आणि पाच ग्रॅम म्हणजे पाचशेच्या दहा गोळ्या, रोज. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम आणि बाईला 65 मिलिग्रॅम पुरतं. दोन ग्रॅमच्या वर जाऊ नये असं मानलं जातं, कारण जुलाब होतात, आणि ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांचा खडा वाढू शकतो. अँटिबायोटिकच्या कोर्सला सीची जोड दिली तर यश वाढतं का, यावर बऱ्याच चाचण्या झाल्या. काहींत थोडा फायदा, काहींत काहीच नाही. कोर्सच्या जागी सी, असं मात्र कुठलाच शहाणा डॉक्टर म्हणत नाही. आणि लिंबू? एका लिंबाच्या रसात वीसेक मिलिग्रॅम सी असतं. उपाशीपोटी सुजलेल्या जठरात ते ओतलं तर जंतूआधी माणूसच कळवळतो.

सगळ्यात धीराने केलेलं काम चीनमधलं आहे. शानडोंग प्रांतातल्या लिंचू तालुक्यात जठराचा कर्करोग फार. तिथे 1995 मध्ये 3365 लोकांवर अभ्यास सुरू झाला. जंतू असलेल्या काहींना दोन आठवड्यांचे उपचार दिले. काहींना सी, ई आणि सेलेनियमच्या गोळ्या सात वर्षं दिल्या. काहींना लसणाचा अर्क. सात वर्षांनी पाहिलं तर जंतूवरच्या उपचारांचा फायदा दिसला, जीवनसत्त्वांचा काही दिसला नाही. तिथेच सोडून दिलं असतं तर गोष्ट संपली असती. पण ते लोक पुढेही मागोवा घेत राहिले. बावीस वर्षांच्या मागोव्याचा निकाल 2019 मध्ये छापला तेव्हा दोन आठवड्यांच्या उपचारांनी कर्करोगाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं होतं, आणि जीवनसत्त्वं घेतलेल्यांतही कर्करोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू कमी होते. ती माणसं आधीच पोषणात मागे असलेल्या भागातली होती, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे फोंड्याला लावता येणार नाहीत. पण क्रम त्यातून स्पष्ट दिसतो. जंतू घालवायचा औषधाने. सी पोटात ठेवायचं जेवणातून, कायम.

कोर्सबद्दल, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. दोन अँटिबायोटिक आणि एक आम्ल कमी करणारी गोळी, चौदा दिवस. आता बिस्मथ नावाचं औषध घालून चार औषधांचा कोर्स पहिल्यांदाच देण्याकडे बऱ्याच डॉक्टरांचा कल आहे, कारण जुन्या औषधांना हा जंतू दाद देईनासा झालाय. काही कोर्समध्ये एका दिवसाच्या सगळ्या गोळ्या एकाच पाकिटात येतात. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने तोंड दिवसभर कडू होतं, चहा कडू, पाणी कडू. बिस्मथने शौच काळी होते, ती औषधामुळे. पण बिस्मथ किंवा लोह चालू नसताना शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर दुकानात येऊ नका, सरळ इस्पितळात जा. पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटायला लागतं आणि उरलेली पाकिटं कपाटात जातात. तसं केलं की अर्धमेले जंतू उरतात, आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मला हमखास विचारतात, "हुर्राक चालता मगो?" हुर्राक म्हणजे काजूची हंगामी दारू. नाही चालत. कोर्समध्ये मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असेल तर मुळीच नाही. चौदा दिवस थांबा, हंगाम मे महिन्यापर्यंत असतो.

तपासणीचंही सांगते. रक्तातून अँटिबॉडीची, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची, जी चाचणी करतात, ती जंतू गेल्यावरही कितीतरी महिने पॉझिटिव्ह राहू शकते. एका बाईंना कोर्स पूर्ण झाल्यावर तीच चाचणी करायला लावली, पॉझिटिव्ह आली, आणि पुन्हा सगळ्या अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स माथी मारला. अंगात काय उरलं असेल त्या बाईच्या! जंतू आत्ता आहे की नाही हे कळतं श्वासाच्या चाचणीने, शौचातल्या अँटिजेनच्या, म्हणजे जंतूच्या अंशाच्या, चाचणीने किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याने. या चाचण्यांआधी गॅसची गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक, बिस्मथ चार आठवडे बंद हवीत, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येते. कोर्स संपल्यावरही किमान चार आठवडे थांबूनच तपासायचं. गोळी बंद करण्याआधी मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा.

राहिलं जेवण. आपल्याकडे आंबट म्हणजे सी असा समज आहे. सोलकढीचं आमसूल आंबट असतं ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाने, चिंच टार्टारिक आम्लाने. दोन्ही चांगली, पण त्यात सी नावापुरतं. खरा खजिना पेरूत आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर, संत्र्याच्या चौपट. आवळ्यात भरपूर. हिरव्या मिरचीत पुष्कळ. आणि आपल्या काजूच्या बोंडूत संत्र्याच्या चार-पाचपट! हंगामात डिचोली-सत्तरीकडे डोंगरभर बोंडू पडतात, त्यातले बहुतेक भट्टीला जातात. फेणीत सी उरत नाही, ते उडून वर येणाऱ्या वाफेत जातच नाही. पिळताना निघणारा ताजा नीरो मिळाला तर प्या, आणि बोंडू मीठ लावून मुलांना खायला द्या, घशाला जरा खवखवतं तेवढंच. सी उष्णतेने आणि पाण्याने जातं, म्हणून तांबडी भाजी चिरून धुण्याऐवजी धुऊन चिरा, आणि झाकण ठेवून पटकन शिजवा.

खाऱ्या माशांचं मला सांगायला आवडत नाही, कारण पावसात मासेमारी बंद असते आणि जून-जुलैमध्ये पेजेसोबत खाऱ्या बांगड्याचा तुकडा नसेल तर घास उतरत नाही. पण जास्त मीठ जठराच्या अस्तराला इजा करतं, आणि जंतू असताना खूप खारट खाणं कर्करोगाचा धोका वाढवतं हे बऱ्याच देशांत दिसलंय. पारा (सुक्या माशांचं लोणचं), खारं, लोणचं चवीपुरतं. ज्यांच्या घरात जठराचा कर्करोग झालेला आहे, त्यांनी तर जंतूची तपासणी एकदा करून घ्याच, त्रास नसला तरी.

आमच्या घरी आता लोहाची गोळी घेताना आईंच्या ताटलीत पेरूच्या फोडी असतात, आणि चहा त्यानंतर तासाभराने, कारण चहा लोह अडवतो. त्या गृहस्थांनी कोर्स नेला. चौदा दिवस पूर्ण केले आणि चार आठवड्यांनंतरची श्वासाची चाचणी निगेटिव्ह आल्याचं स्वतः येऊन सांगून गेले. सीच्या गोळ्यांची बाटली त्यांनी शेवटी घेतली नाही, पेरू घेतो म्हणाले. तुमच्याकडे असा रिपोर्ट असेल आणि काही विचारायचं असेल तर खाली लिहा. औषधाचा डोस मी इथे सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण चिठ्ठी कशी वाचायची, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, एवढं नक्की सांगेन.